यंत्राकडे काय सोपवावे आणि हातात काय ठेवावे: अल्पमुदतीच्या पाहुण्यांसाठी यजमानाची कार्यपद्धती

घर किंवा खोली दोन-चार रात्रींसाठी पाहुण्यांना देणाऱ्या यजमानाने नवे ॲप घेण्याआधी एक वही घ्यावी. मागच्या तीन बुकिंगांच्या वेळी आपण नेमके काय काय केले, हे तीत आठवून आठवून लिहावे: कोणता मेसेज किती वाजता पाठवला, चादरी कोणी बदलल्या, किल्ली कोणाच्या हातात दिली, वायफायचा पासवर्ड किती वेळा सांगितला, रात्री उशिरा कोणाचा फोन आला आणि तो कशासाठी होता. तासाभरात दोन-तीन पाने भरतात. बहुतेकांना ती वाचताना जाणवते की दिवसाचा बराचसा वेळ त्याच त्या पाच-सहा गोष्टी पुन्हा पुन्हा सांगण्यात जातो, आणि पाहुणा ज्यामुळे आपले घर लक्षात ठेवतो त्या कामाला जेमतेम दहा मिनिटे उरतात.

आता प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहावा: पाहुणा दुसरा कोणी असता, तर हे काम वेगळ्या रीतीने करावे लागले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम साधनाकडे सोपवावे. पासवर्ड, पत्ता, निघण्याची वेळ, कचरा कोठे टाकायचा, या गोष्टी कोणासाठीही बदलत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल, तर ते काम आपल्याकडेच ठेवावे, मग ते कितीही लहान असो. ‘डिजिटल की आपुलकी’ असा वाद अनेकदा घातला जातो. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी उभा आहे. विसरून चालणार नाही अशी कामे यंत्राला उत्तम जमतात. पाहून आणि ऐकून ओळखावी लागणारी कामे माणसालाच जमतात. यंत्राने वाचवलेला वेळ पाहुण्याकडे लक्ष देण्यात गेला, तरच त्या यंत्रावरचा खर्च सार्थकी लागतो.

पायरी १: कॅलेंडर पूर्णपणे साधनावर सोडावे

तारखांचा हिशेब ही माणसाने हाताने करण्याची गोष्ट नव्हे. एकच घर एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम आणि व्हर्बो अशा मुक्कामाच्या बुकिंगच्या एकाहून अधिक संकेतस्थळांवर नोंदवलेले असेल, तर एकाच रात्रीसाठी दोन बुकिंग होण्याचा धोका पहिल्या दिवसापासून असतो. ही संकेतस्थळे एकमेकांच्या तारखा जुळवण्यासाठी आय-कॅल नावाचा साचा वापरू देतात. १९९८ साली ठरलेला हा साचा मुळात निरनिराळ्या कॅलेंडरांमध्ये भेटी आणि कार्यक्रमांच्या नोंदी देता-घेता याव्यात यासाठी होता. त्यात एक संकेतस्थळ दुसऱ्याची फाइल ठरावीक अंतराने उचलते, आणि हे अंतर अनेकदा काही तासांचे असते. सकाळी एकीकडे झालेले बुकिंग दुसरीकडे दुपारपर्यंत दिसत नाही, ते यामुळेच.

एकच घर आणि दोनच संकेतस्थळे असतील, तर आय-कॅल पुरते. मात्र त्याच दिवशीचे बुकिंग बंद ठेवावे आणि नवे बुकिंग आल्याबरोबर दुसरीकडे जाऊन ‘रिफ्रेश’ करण्याची सवय लावून घ्यावी. घरे किंवा संकेतस्थळे याहून वाढली, की चॅनेल मॅनेजर, म्हणजे सर्व संकेतस्थळांवरच्या तारखा एकाच ठिकाणाहून सांभाळणारा प्रोग्राम, घ्यावा. तो संकेतस्थळांशी थेट जोडलेला असल्यामुळे बदल फार लवकर पोहोचतात.

दर ठरवणाऱ्या साधनांबद्दल थोडक्यात इतकेच सांगता येईल की मागणीनुसार दर वरखाली करणे त्यांना चांगले जमते, परंतु सर्वांत कमी दर आणि कमीत कमी रात्री या दोन मर्यादा आपण स्वतः घालून द्याव्यात, आणि आठवड्यातून एकदा पुढच्या महिन्याचे दर डोळ्यांखालून घालावेत.

पायरी २: मेसेज

सर्वांत जास्त विचार येथे करावा, कारण यंत्र आणि माणूस यांच्यातील सीमारेषा येथेच सर्वांत अरुंद असते. एअरबीएनबीवर सुपरहोस्ट हा उत्तम यजमानांना दिला जाणारा दर्जा मिळण्यासाठी इतर अटींबरोबर सरासरी ४.८ गुण लागतात, आणि किमान ९० टक्के नव्या चौकशांना २४ तासांच्या आत उत्तर द्यावे लागते. ठरावीक मेसेज वेळेवर जातील अशी सोय केली की यजमानावरचा बराच भार हलका होतो. मात्र २४ तासांची मुदत ही संकेतस्थळाची आहे; सामान घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाचा धीर मिनिटांत मोजावा लागतो.

साधारणपणे चार मेसेज आपोआप जाण्यासारखे असतात. पहिला बुकिंग होताच: तारखा, माणसांची संख्या, आणि पुढची माहिती कधी मिळेल. दुसरा येण्याच्या दोन दिवस आधी: पत्ता, नकाशावरील खूण, गाडी कोठे लावायची, दार कसे उघडायचे. तिसरा पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी: सर्व ठीक आहे ना, काही कमी आहे का. चौथा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी: निघण्याची वेळ आणि त्याआधी करायच्या एक-दोन गोष्टी. यांपैकी तिसरा मेसेज फार मोलाचा आहे, कारण गरम पाणी येत नसल्याची किंवा गादी रुतत असल्याची तक्रार त्या सकाळी कळली तर ती दूर करता येते. निघून गेल्यावर कळली तर ती केवळ अभिप्रायात वाचावी लागते.

हे मेसेज लिहून झाले की त्यांतील धोके तपासावेत. कालच बुकिंग करून आजच येणाऱ्या पाहुण्याला ‘दोन दिवस आधी’चा मेसेज काही साधनांत जातच नाही, कारण त्याची वेळ बुकिंगच्या आधीच टळून गेलेली असते, आयत्या वेळच्या बुकिंगसाठी वेगळा नियम लावावा लागतो. एकाच रात्रीसाठी आलेल्या पाहुण्याला तिसरा आणि चौथा मेसेज काही तासांच्या अंतराने मिळतो आणि तो त्याला त्रासदायक वाटतो. अशा मुक्कामासाठी दोन्हींचा एकच छोटा मेसेज करावा. नावाची रिकामी जागा साधन स्वतः भरते, म्हणून ते नाव मेसेजमध्ये कसे दिसते हे स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर पाठवून एकदा पाहावे. बहुतेक मोठ्या संकेतस्थळांवर आणि फोनवर मेसेजचे भाषांतर करता येते, म्हणून वाक्ये छोटी ठेवावीत, वाक्प्रचार टाळावेत, वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहावी आणि महिना अंकाऐवजी नावाने लिहावा. ‘५/६’ ही तारीख काही देशांत पाच जून असते आणि काही देशांत सहा मे.

आता हाताने लिहायच्या भागाकडे वळतो. बुकिंगबरोबर पाहुण्याने स्वतः लिहिलेली पहिली ओळ यजमानाने दोनदा वाचावी. ‘आम्ही दोघे आणि आमचे आठ महिन्यांचे बाळ’, ‘विमान रात्री साडेअकराला उतरते’, ‘आईचे गुडघे दुखतात’, ‘कामासाठी येत आहे, दिवसभर व्हिडिओ कॉल असतील’, अशा ओळींतच पाहुणा आपली गरज सांगून टाकतो, आणि साधन मात्र ती ओळ वाचल्याशिवाय आपला साचा पुढे पाठवते. माझ्याकडे एकदा एका बाईंनी लिहिले होते की वडिलांची शस्त्रक्रिया आहे, म्हणून रुग्णालयाजवळ चार रात्री राहायचे आहे. मी ते वाचले, मनातून वाईट वाटले, आणि दुसऱ्या कामात गुंतलो. दोन दिवसांनी साधनाने त्यांना ‘सुट्टीचा मनमुराद आनंद घ्या’ हे वाक्य पाठवले. त्यांनी काही तक्रार केली नाही, पण ते वाक्य त्यांनी रुग्णालयाच्या बाकावर बसून वाचले असेल, हे आजही मला टोचते.

त्या प्रसंगानंतर मी तीन नियम केले, आणि ते सर्वांनी करावेत असे मला वाटते. आपोआप जाणाऱ्या कोणत्याही मेसेजमध्ये भावना व्यक्त करणारे वाक्य घालायचे नाही. त्यात फक्त माहिती असावी. पाहुण्याच्या पहिल्या ओळीला स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यायचे, आणि त्यात त्याने सांगितलेल्या एका तरी गोष्टीचा उल्लेख असायचा. पाहुण्याने काही विचारले असून त्याला उत्तर गेलेले नसेल, तर त्याच्यासाठीचे आपोआप जाणारे मेसेज तेवढ्यापुरते थांबवायचे. अडचण विचारणाऱ्याला उत्तराऐवजी निघण्याच्या वेळेची आठवण मिळाली, तर आपले कोणी ऐकत नाही अशी त्याची खात्री होते.

पायरी ३: दार

अनोळखी गावात, अंधारात, हातात सामान असताना दार उघडले की नाही, यावर पाहुण्याचा पहिला समज ठरतो. कोड असलेले स्मार्ट लॉक हे येथे फार उपयोगी साधन आहे, कारण विमान उशिरा आले तरी कोणाला ताटकळत बसावे लागत नाही. प्रत्येक बुकिंगसाठी वेगळा कोड द्यावा, तो येण्याच्या वेळी सुरू आणि निघण्याच्या वेळी बंद होईल असे ठरवावे, आणि साफसफाई करणाऱ्यांना त्यांचा स्वतंत्र कोड द्यावा. त्यामुळे घरात कोण कधी आले हे नोंदीवरून कळते, आणि जुन्या पाहुण्याकडे राहिलेला कोड निकामी होतो.

अशा कुलपात बिघडते ते बहुधा बॅटरीमुळे. येथे सेलचा प्रकार महत्त्वाचा आहे. साध्या अल्कलाइन सेलचा दाब नवा असताना १.५ व्होल्ट असतो आणि तो हळूहळू उतरत जातो, त्यामुळे कुलूप वेळेवर इशारा देऊ शकते. पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल सेलचा दाब मुळातच १.२ व्होल्टच्या आसपास असतो, तर लिथियम सेलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहून एकदम कोसळतो. दोन्ही बाबतींत उरलेल्या शक्तीचा आकडा फसवा ठरू शकतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेलाच सेल घालावा, आणि इशाऱ्याची वाट न पाहता ठरलेल्या महिन्यांत सेल बदलावेत. काही कुलपांना बाहेरच्या बाजूस खाली धातूची दोन टोके असतात. तेथे ९ व्होल्टची बॅटरी टेकवून धरली की कुलपाला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि कोड चालतो. आपल्या कुलपाला ती सोय आहे का हे पाहावे, असल्यास एक बॅटरी बाहेर सुरक्षित जागी ठेवावी. याशिवाय एक साधी किल्ली, आकड्यांच्या पेटीत, दारापासून थोड्या अंतरावर असावीच.

दारापर्यंत पोहोचण्याच्या सूचना लिहिल्यावर घर कधीही न पाहिलेल्या ओळखीच्या माणसाला बोलवावे, त्याच्या फोनवर त्या सूचना पाठवाव्यात, आणि आपण काही न बोलता मागे उभे राहावे. तो जेथे थबकतो तेथे सूचना अपुरी आहे. फाटकाचे आणि दाराचे छायाचित्र दिवसा काढलेले असते आणि पाहुणा येतो रात्री, म्हणून रात्रीचे एक छायाचित्र जोडावे. दारावरच्या दिव्याचे बटण आतल्या बाजूस असेल, तर तो दिवा अंधार पडताच आपोआप लागेल अशी सोय करावी.

स्वतः दारात उभे राहून स्वागत करावे का? पाहुण्याला विचारावे, आणि दोन्ही उत्तरे सारखीच मानावीत. प्रवासाने थकलेल्या अनेकांना त्या क्षणी कोणाशी बोलण्याची इच्छा नसते, आणि ते सांगायला संकोच वाटतो. म्हणून विचारताना ‘तुम्हाला सोयीचे ते सांगा, कोडने थेट आत गेलात तरी चालेल’ असे लिहावे. भेट झालीच, तर ती पाच-सात मिनिटांत आटोपावी. त्या वेळात हाताने दाखवल्याशिवाय कळत नाही तेवढेच दाखवावे: अडकणारी कडी, गरम पाण्याचा नळ, शेगडी पेटवण्याची रीत. बाकीचे कागदावर लिहिलेले असते.

पायरी ४: घरातील सूचना आणि उपकरणे

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो समूहात वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. यजमानाच्या घरात त्याचा उत्तम उपयोग वायफायसाठी होतो. या कोडमध्ये नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड लिहिलेलेच असतात, त्यामुळे पाहुण्याच्या फोनवर इंटरनेट नसले तरी तो चालतो. घराच्या माहितीपुस्तिकेचा क्यूआर कोड मात्र केवळ एका पत्त्याकडे नेतो, आणि इंटरनेट नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. म्हणून वायफायचा कोड दारातून आत येताच दिसेल असा लावावा, त्याखाली पासवर्ड मोठ्या अक्षरांत छापावा, आणि एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे व आकडे पासवर्डमध्ये टाळावेत. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क ठेवावे, म्हणजे कुलूप आणि घरातील इतर उपकरणे त्यापासून अलग राहतात.

डिजिटल माहितीपुस्तिका ही बदलत्या माहितीसाठी ठेवावी. संकटात लागणारी माहिती मात्र एका कागदावर, जाड अक्षरांत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर हवी: घराचा पूर्ण पत्ता, तातडीचे क्रमांक, यजमानाचा आणि जवळच्या एका माणसाचा फोन, विजेचा मुख्य खटका, पाण्याचा मुख्य नळ, आग विझवण्याचे साधन कोठे आहे. वीज जाते तेव्हा राउटरही बंद पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी हा कागद हवा असतो.

दिवे, पडदे, पंखे फोनवरून चालवण्याची हौस पाहुण्यांच्या घरात आवरावी. कोणतेही उपकरण साध्या बटणाने चालत नसेल, तर ते तेथे नको. टीव्हीवर मागच्या पाहुण्याचे खाते उघडे राहिले नाही ना, हे साफसफाईच्या यादीत पक्के लिहावे. ती यादी फोनवर असावी आणि प्रत्येक खोलीच्या शेवटी एक छायाचित्र काढावे. एखादी वस्तू तुटली तर ती केव्हा तुटली, यावर मग वाद होत नाही.

पायरी ५: नजर ठेवणारी साधने

एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतील कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली. त्याआधी बैठकीच्या खोलीसारख्या जागी, आगाऊ सांगून, ते चालत होते. बाहेरच्या कॅमेऱ्याची जागा नोंदणीतच जाहीर करावी लागते, आणि त्यातून घराचा आतला भाग दिसता कामा नये. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजणारे यंत्र सामायिक जागेत चालते, परंतु तेही आधी सांगून, आणि झोपण्याच्या किंवा न्हाणीच्या खोलीत नाही. नियमापलीकडे माझे स्पष्ट मत असे आहे की जी गोष्ट पाहुण्याला दारातच तोंडावर सांगताना आपली जीभ अडखळेल, ती घरात बसवूच नये.

रात्री आवाजाचा इशारा आला, तर यंत्राकडून ताकीद पाठवू नये. फोन करावा आणि शांतपणे सांगावे: ‘बाहेर आवाज जातो आहे, खिडकी लावून घेतलीत तर शेजाऱ्यांना त्रास होणार नाही.’ आवाज कितीपर्यंत बाहेर जातो हे अनेकदा पाहुण्यांना माहीतच नसते. छापील ताकीद वाचून तो माणूस आपण अपराधी ठरलो असे समजतो, आणि उरलेला मुक्काम तशाच मनाने काढतो.

पायरी ६: हाताने करायच्या गोष्टी

आपुलकी म्हणजे भेटवस्तू, असा समज सोडून द्यावा. सर्वांना सारखीच दिली जाणारी टोपली हीदेखील एक प्रकारे साच्यातली गोष्ट आहे, आणि पाहुण्याला ते लगेच कळते. बाळ असल्याचे लिहिले होते, म्हणून पलंगाशेजारच्या विजेच्या सॉकेटवर झाकणे लावली आणि काचेचा दिवा उंच फळीवर ठेवला. गुडघे दुखतात असे लिहिले होते, म्हणून एक खुर्ची न्हाणीघराजवळ आणली आणि खालच्या मजल्यावरची खोली तयार केली. दिवसभर कॉल आहेत, म्हणून टेबल खिडकीसमोरून हलवून उजेड चेहऱ्यावर पडेल असे लावले. यात खर्च नाही. पाहुण्याला मात्र कळते की आपले लिहिणे कोणीतरी वाचले आहे.

टेबलावर स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहून ठेवाव्यात, आणि त्यांतील एक ओळ केवळ त्याच पाहुण्याला लागू पडेल अशी असावी. ‘खुर्ची आईंसाठी ठेवली आहे, नको असल्यास कोपऱ्यात सरकवा’ एवढे पुरते. वस्तू ठेवताना हात आखडता घेतलेला बरा: तीव्र वासाची फुले आणि सुगंधी मेणबत्त्या कोणाला त्रास देतील हे सांगता येत नाही.

आपुलकीलाही मर्यादा आहे. बुकिंग आल्यावर पाहुण्याची समाजमाध्यमे धुंडाळून तेथून काही उचलून त्याला चकित करण्याचा प्रयत्न करू नये. पाहुण्याने आपल्याला जे सांगितले, तेवढ्यावरच आपला हक्क. मुक्कामात घरात जावे लागले, तर आधी वेळ ठरवून, होकार मिळाल्यावरच जावे.

पायरी ७: बिघाड होतो तेव्हा

या वेळी सर्व साधने बाजूला ठेवावीत, आणि आपोआप उत्तर देणारा बॉट असेल तर तो तक्रारीच्या शब्दांवर थांबेल असे आधीच ठरवून घ्यावे. पहिले उत्तर फोनवर द्यावे. त्यात तीन गोष्टी असाव्यात: आपल्याला काय समजले, आपण आता काय करणार, आणि पुन्हा किती वाजता सांगणार. ‘लवकरच’ हा शब्द वापरू नये. ‘सव्वासातपर्यंत माणूस येईल, आला नाही तरी मी सव्वासातला फोन करीन’ असे म्हणावे आणि घड्याळ लावून तो फोन करावा. दुरुस्ती उद्यावर जाणार असेल, तर रात्रीपुरता कोणता पर्याय देता येईल हे आपण सुचवावे, पाहुण्याला मागायला लावू नये. फोन झाल्यावर ठरलेले सर्व संकेतस्थळाच्या मेसेजमध्ये लिहून ठेवावे, म्हणजे दोघांनाही आधार राहतो. प्लंबर, विजेचे काम करणारा, कुलूपवाला आणि आपण गावात नसताना घरी जाऊ शकेल असा एक माणूस, यांचे क्रमांक पहिला पाहुणा येण्याआधीच जमवलेले असावेत.

पायरी ८: निघताना आणि नंतर

निघताना पाहुण्याकडून करून घ्यायची कामे दोन-तीनच असावीत: खिडक्या लावणे, दिवे बंद करणे, दार ओढून घेणे. साफसफाईचे पैसे घेऊन त्यालाच चादरी काढायला लावणे मला पटत नाही. कोड आपोआप बंद होऊ द्यावा; निरोपाचा मेसेज मात्र स्वतः लिहावा.

एअरबीएनबीवर निघाल्यानंतर १४ दिवसांत अभिप्राय लिहिता येतो, आणि दोघांनी लिहीपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकाचा दुसऱ्याला दिसत नाही. मुदतीची आठवण साधनाने करून द्यावी, पण अभिप्राय साच्यातून उचलू नये. पुढचा यजमान तो वाचून निर्णय घेणार असतो.

महिन्याच्या शेवटी पहिल्या दिवशीची ती वही पुन्हा उघडावी आणि महिन्याभरातील सर्व मेसेज सलग वाचावेत. एकच प्रश्न तीन पाहुण्यांनी विचारला असेल, तर त्याचे उत्तर पाटीवर, कागदावर किंवा दुसऱ्या मेसेजमध्ये जायला हवे. एखाद्या आपोआप जाणाऱ्या मेसेजला वारंवार ‘म्हणजे नेमके काय?’ असे उत्तर येत असेल, तर तो पुन्हा लिहावा. पाहुण्यांनी आभार मानताना कोणत्या गोष्टीचे नाव घेतले, त्याच्या वेगळ्या पानावर नोंदी कराव्यात. माझ्या वहीतल्या त्या पानावर स्मार्ट लॉकचा उल्लेख अजून एकदाही आलेला नाही, आणि न्हाणीघराजवळच्या खुर्चीचा चार वेळा आला आहे. तरीही ती खुर्ची हलवायला मला सवड मिळाली ती कुलपामुळेच, म्हणून या महिन्यात त्याचे सेल बदलायचे आहेत.